कुंकू दिसेल अशी दुर्बीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कुणी नवा पदार्थ सांगते, कुणी अभंग म्हणते. मला मात्र कार्यकारिणीने एका वस्तूविषयी बोलायला उभे केले आहे. यंदाच्या शिलकीतून पक्षी पाहण्याची दुर्बीण घ्यावी, की भाड्याने द्यायची मोठी पातेली घ्यावीत, हा प्रश्न गेल्या दोन सभांत निघाला आणि तसाच राहिला. पातेले कसे पारखावे हे आपल्यातल्या प्रत्येकीला कळते. तळ ठोकून पाहिला, कड पाहिली की झाले. दुर्बिणीचे तसे नाही. दहा जणी दहा जाहिराती दाखवतात आणि प्रत्येक जाहिरातीत आदल्या जाहिरातीपेक्षा मोठा आकडा असतो. तेव्हा घ्यायची की नाही हे आपण सर्वांनी मिळून ठरवायचे. परंतु घ्यायची झाली तर कोणती, आणि ती आपल्या ऐपतीत कशी बसवायची, तेवढे मी आज सांगते.

आधी तिची आपल्याला गरज काय, हे पाहू. आपल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा झाला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, मधे मधे बेटे झाली, आणि नांदूर मध्यमेश्वर हे पाखरांचे माहेर होऊन बसले. १९८६ साली ते अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले हे पहिले ठिकाण. पुढे त्याच वर्षी लोणारचे सरोवर आणि २०२२ साली ठाण्याची खाडी गेली. असे हे पाणी आपल्या दाराशी आहे. थंडीत मुंबई-पुण्याची माणसे पाठीवर दुर्बिणी घेऊन येतात आणि आपल्यालाच वाट विचारतात. थापट्या बदकांचे थवे कधी उतरले, चक्रवाकाची जोडी कोणत्या अंगाला बसते, हे काठच्या शेतात राबणाऱ्या बायकांना त्यांच्या आधी ठाऊक असते. पण त्या पाखराची चोच कशी, डोळा कसा, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहे?

ही नुसती हौस नाही, बरे का. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आशियाई पाणपक्षी गणना ही १९८७ सालापासून चालत आली आहे, आणि तीत साधी हौशी माणसेच मोजणी करतात. मोजणीच्या कागदावर 'पुष्कळ बदके होती' असे लिहून भागत नाही. कोणते बदक आणि किती, हे लिहावे लागते. आपल्या मुलींनी चार वर्षे नीट मोजून वहीत लिहिले, तर तळ्यात पाणी किती राहावे, काठावर काय व्हावे, असा प्रश्न निघेल तेव्हा आपल्या म्हणण्याला वजन येईल. तोंडी सांगणाऱ्या बाईला 'तुम्हाला काय कळते' म्हणता येते. वही दाखवणाऱ्या बाईला म्हणता येत नाही.

आता कुणी म्हणेल, यासाठी गळ्यात अडकवायची दोन नळ्यांची बायनॉक्युलर का चालणार नाही? जरूर चालेल, आणि जिला एकटीला एकच वस्तू घ्यायची असेल तिने तीच घ्यावी. ८x४२ अशी खूण असलेली बायनॉक्युलर बागेतल्या, शेतातल्या आणि जवळच्या पाण्यातल्या पाखरांना उत्तम. परंतु हिशेब करून पाहा. आठपट दाखवणारी दुर्बीण ३०० मीटरवरचे पाखरू साधारण ३७ मीटरवर आणते. तीसपट दाखवणारी तेच पाखरू १० मीटरवर आणते. म्हणजे एक पाखरू रस्त्यापलीकडच्या घरावर, आणि दुसरे आपल्या अंगणात. आपल्या तळ्यावर पाखरे बहुधा लांबच बसतात, आणि जवळ जावे तर उडतात. शेकडो कोस उडून थकून आलेल्या जिवाला आपल्या पाहण्यासाठी पुन्हा उडवणे हेही बरे नव्हे. म्हणून लांबून पाहणारी, तिवईवर ठेवायची, एका नळीची दुर्बीण लागते. दुकानात हिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात.

हिच्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ २०-६०x८०. पहिले दोन म्हणजे चित्र किती पट मोठे दिसते ते. डोळ्याकडची कडी फिरवून २० पासून ६० पर्यंत नेता येते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जाहिरातवाला पहिल्या आकड्यांवर भर देतो. आपण शेवटच्या आकड्यावर द्यायचा. कारण पुढचे भिंग म्हणजे खिडकी. खिडकी जेवढी मोठी तेवढा उजेड आत येणार. ६५ मिलिमीटरच्या भिंगापेक्षा ८० च्या भिंगात जवळजवळ दीडपट उजेड येतो. चित्र मोठे करणे म्हणजे तोच उजेड अधिक जागेवर पसरणे. वाटीभर साजूक तूप चार पोळ्यांना लावले तर पोळी चकाकते. चाळीस पोळ्यांना लावले तर नुसता वास येतो.

यासाठी एक भागाकार लक्षात ठेवा. भिंगाची रुंदी भागिले पट. उत्तर दोनाच्या खाली गेले की चित्र अंधुक होऊ लागते. ८० ला २० ने भागले, ४ आले, चित्र लखलखीत. ८० ला ४० ने भागले, २ आले; चांगले. ८० ला ६० ने भागले, १ आणि वर थोडेसे. भर उन्हात कसेबसे. ६५ च्या दुर्बिणीत तीस-बत्तीस पटींपर्यंत काम नीट होते. म्हणजे कुणी ५० मिलिमीटरच्या नळीवर शंभर पट सांगू लागला तर भागाकार अर्धा येतो. तिथे काही बोलू नये, नमस्कार करून पुढच्या दुकानी जावे.

आणि छापलेला आकडा खराच असतो असेही नाही. फार स्वस्तात मिळणाऱ्या काही लहान नळ्यांवर चाळीस पट लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात आठ-दहा पटच दिसते. हे घरच्या घरी तपासता येते. दुर्बीण उजळ आभाळाकडे धरा, मात्र सूर्याकडे मुळीच नको, आणि डोळ्याकडचे भिंग हातभर लांबून पाहा. त्यात उजेडाचा एक लहानसा गोल दिसेल. तो मुलांच्या पट्टीने मोजा. भिंगाची रुंदी भागिले त्या गोलाची रुंदी, म्हणजे खरी पट. ६० चे भिंग आणि गोल ६ मिलिमीटर, तर ती दहापट दुर्बीण. खोक्यावर काहीही लिहिलेले असो. तो गोल स्वच्छ वाटोळा असावा. कडा कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर आतले लोलक बहुधा हलक्या प्रतीचे असतात.

मोठ्या पटीचा आणखी एक तोटा. आपल्याकडे थंडीतही दहा वाजले की जमीन तापते आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. चुलीवरून पलीकडचे पाहिले म्हणजे दिसते तसे. दुर्बीण पाखरू मोठे करते तशी ही थरथरही मोठी करते. त्या वेळी लाखाची दुर्बीण असली तरी पट खाली आणावीच लागते. शिवाय पट वाढली की दिसणारी जागा आक्रसते. साधारणपणे वीसपटीवर ३०० मीटर अंतरावरची दहा मीटर रुंदीची जागा दिसते, तर साठपटीवर तिच्या निम्मी. थवा मोजायचा तर लहान पटच कामाची. म्हणून मी सांगते, वीस ते तीस पटींत ज्या दुर्बिणीचे चित्र सुंदर, ती आपली. त्यापुढची पट मिळाली तर ती चटणी-लोणच्यासारखी समजावी. पोट त्यावर भरत नाही.

आता तिवई. ट्रायपॉड म्हणतात तो. दुर्बिणीबरोबर खोक्यात वीतभर उंचीची एक तिवई फुकट येते. ती टेबलावर ठेवायची असते आणि तळ्याकाठी टेबल नसते. तीसपट चित्रात हाताचा कंपही तीसपट होतो. वाऱ्याची झुळूक आली, बाजूने मूल धावले, की बदक उड्या मारू लागते. म्हणून जुन्या हिशेबाने सांगायचे तर रुपयातले दहा आणे दुर्बिणीला आणि सहा आणे तिवईला ठेवावेत. पाय जाड असावेत, आणि मधला दांडा वर न काढता उंची पुरावी, कारण दांडा वर काढला की सगळे डोलू लागते. खाली पिशवी अडकवायला आकडा असावा. त्यात पाण्याची बाटली किंवा दोन दगड घालून टांगले की तिवई जागेवर बसते. वरचे डोके गुळगुळीत फिरावे आणि सोडले तिथे थांबावे. परीक्षा अशी: दुर्बीण चढवून, नजर जुळवून, नळीला टिचकी मारा. चित्र दोन सेकंदांत स्थिर झाले तर घ्या. थरथरतच राहिले तर तिवई बदला, दुर्बिणीला दोष देऊ नका.

आतापर्यंतचे सांगणे कुणालाही लागू पडेल. यापुढचे खास आपल्या मंडळासाठी. आपली वस्तू एकीची नाही. तिच्यातून शाळेतली मुलगी पाहणार, उंच सून पाहणार आणि गुडघे दुखणारी सासूही पाहणार. एकनळी दुर्बीण दोन प्रकारची मिळते. एक सरळ, आणि दुसरी डोळ्याकडच्या बाजूला ४५ अंशांत वर वाकलेली. सरळ दुर्बिणीत पाखरू चटकन सापडते, हे खरे. परंतु तिची उंची प्रत्येकीच्या डोळ्याबरोबर करावी लागते. वाकलेली असली म्हणजे तिवई बुटक्या बाईच्या मापाने लावावी. उंच बाई जरा वाकून पाहते. तिवई खाली राहते, म्हणून स्थिरही राहते, आणि स्टुलावर बसूनही पाहता येते. दहा जणींत एक दुर्बीण असेल तर वाकलेलीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाखरू सापडवण्याची सवय आठ दिवसांत होते. कमी पटीवर आधी एखादे झाड किंवा खांब धरावा आणि तिथून सरकत सरकत पाखरापर्यंत यावे.

दुसरी गोष्ट चष्म्याची. चाळिशी ओलांडलेल्या आपण निम्म्याअधिक जणी चष्मेवाल्या आहोत. डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, याचे माप दुर्बिणीच्या माहितीत 'आय रिलीफ' या नावाने दिलेले असते. ते १५ मिलिमीटर किंवा अधिक असावे, आणि डोळ्याकडची रबरी कडी खाली बसवता यावी. नाही तर चष्मेवाल्या बाईला चित्राचा मधला तुकडाच दिसतो, आणि ती बिचारी 'दिसले हो' म्हणून बाजूला होते. असे खोटे 'दिसले' आपल्या मंडळात व्हायला नको. जिला वाकवतच नाही तिच्यासाठी भिंगाला मोबाईल जोडण्याची कडी मिळते. पाखरू मोबाईलच्या पडद्यावर येते आणि चौघींना एकदम पाहता येते.

आता कोणती घ्यावी? ऑस्ट्रिया, जर्मनी, जपान येथल्या नामवंत दुर्बिणी लाखांच्या घरात जातात. त्या फार सुंदर असतात. दुरून त्यांचे कौतुक करावे. आपल्याला बेताच्या किमतीतली, ६५ ते ८० मिलिमीटरची चालेल. उदाहरण म्हणून सांगते, सेलेस्ट्रॉनच्या अल्टिमा या मालिकेत १८-५५x६५ आणि २०-६०x८० अशा दुर्बिणी आहेत आणि त्या सरळ व वाकलेल्या दोन्ही मिळतात. हीच घ्या असे नव्हे. कोणती मापे पाहायची ते कळावे एवढ्यासाठी नाव घेतले. खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' हे शब्द शोधावेत. म्हणजे सगळ्या भिंगांवर उजेड वाया न घालवणारे लेप आहेत. पाणी आत शिरणार नाही अशी, नायट्रोजन भरलेली असेल तर आपल्या पावसाळ्यात बरी. 'ईडी' काचेची असली तर रंग अधिक स्वच्छ दिसतात, पण पैसेही बरेच जास्त पडतात. तीस पटींपर्यंतच पाहायचे असेल तर तो जादा पैसा मी तिवईवर घालीन. तारे पाहण्याची दुर्बीण मात्र चुकूनही घेऊ नये. तीत चित्र उलटे किंवा डावे-उजवे पालटलेले दिसते.

८० की ६५? ८० मध्ये पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक दिसते. ६५ हलकी पडते आणि तिला तिवईही हलकी चालते. तळ्यापर्यंत दुर्बीण आपल्यालाच खांद्यावरून न्यायची आहे, आणि जड वस्तू दोन फेऱ्यांनंतर कपाटातच राहते. म्हणून माझा कौल ६५ ला आहे, आणि वाचलेला पैसा तिवईला.

दुकानात गेल्यावर घाई करू नये. दुर्बीण बाहेर उजेडात न्यायला सांगावी. लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरे वाचावीत. मधली वाचता आली तर कडेची किती पुसट होतात ते पाहावे. आभाळावर उमटलेली विजेची तार पाहावी; तिच्या दोन्ही बाजूंना जांभळी-हिरवी किनार फार रुंद दिसली तर दुसरी मागावी. पांढऱ्या बगळ्यालाही तशीच किनार येईल. नजर जुळवायचे चाक ओढल्याशिवाय, अडखळल्याशिवाय फिरावे. वापरलेली दुर्बीण स्वस्तात मिळाली तर आनंदाने घ्यावी. परंतु पुढून आत बॅटरीचा झोत टाकून पाहावे. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग फुकटही नको. घरपोच मागवायची झाली तर परत घेण्याची मुदत आधी विचारावी आणि त्या मुदतीत ती तळ्यावर नेऊन पाहावी.

तळ्यावरची परीक्षा मात्र एकच, आणि ती आपल्या बायकांची आहे. आपल्याकडे बारा महिने राहणारे एक बदक आहे, हळदी-कुंकू बदक. अंग तपकिरी, खवल्याखवल्यांचे. लांबून ते इतर बदकांच्या माद्यांसारखेच दिसते. पण त्याच्या काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे असते, आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन बाजूंना दोन लाल ठिपके असतात. नराचे ठिपके अधिक ठळक. नाव कोणी ठेवले ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याने चोच जवळून पाहिली होती, हे नक्की. तर सकाळच्या उन्हात, साधारण ३०० मीटरवरच्या हळदी-कुंकू बदकावर दुर्बीण लावा. हळद हलकी दुर्बीणही दाखवते. कुंकू दिसले पाहिजे. चष्मेवालीला दिसले पाहिजे, बुटकीला दिसले पाहिजे, आणि वारा असताना दिसले पाहिजे. दिसले, तर ती दुर्बीण आपली.

घेतल्यावरचे चार शब्द. भिंग पदराने पुसू नये. आधी फुंकणीच्या रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ कापडाने हलकेच टिपावे. धूळ असताना पुसले की चरे पडतात. पावसाळ्यात ती दागिन्यासारखी कोंडून ठेवू नये. बुरशीला अंधार आणि ओल आवडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी आणि मधून मधून कोरड्या दिवशी बाहेर काढावी. मुलांना पहिला धडा हा, की सूर्याकडे दुर्बीण कधीही लावायची नाही. डोळा कायमचा जाईल. आणि नेणारीने वहीत नाव, तारीख आणि पाहिलेली पाखरे लिहावीत. भाडे नको, पाखरांची नोंद हेच भाडे.

आता पातेल्यांविषयी. मी त्यांच्या विरुद्ध नाही. पातेली मंडळाला पैसे मिळवून देतील, दुर्बीण देणार नाही. पण आपल्या तळ्याची कीर्ती जगभर गेली आणि आपण मात्र त्याच्या काठी धुणे आपटून परत येतो, याचे मला वाईट वाटते. पातेल्यात शिजवणे आपल्याला जन्मभर आहेच. वर्षातून एखादी सकाळ लांबचे काही नीट पाहण्यासाठी असावी, आणि ते पाहणे कागदावर उतरावे, एवढेच माझे मागणे आहे. शिल्लक दोन्हींना पुरत नसेल तर यंदा निम्मी पातेली घ्या आणि दुर्बिणीची वर्गणी सुरू करा. पण शंभर पटींची स्वस्त नळी घेऊन दुर्बिणीचा प्रश्न मिटवू नका. तिच्यातून काही दिसणार नाही, आणि मग 'बायकांना काय करायची दुर्बीण' असे म्हणायला लोक मोकळे होतील.